येतो म्हणून गेलेले

शुक्रवारी सकाळी पोह्यांच्या बशा पुढ्यात घेऊन आम्ही नाटक निवडायला बसलो होतो. अवधूतने, म्हणजे माझ्या मुलाने, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि एकेक जाहिरात पुढे सरकवत होता.

"हे बघ आई, हे लंडनहून आलंय. घड्याळाच्या आत राहणाऱ्या राणीचं. खरंखुरं घड्याळ उभं करतात म्हणे स्टेजवर, तीन मजली."

"हेच," चैत्राली, माझी सून, लगेच म्हणाली. "ऑफिसमधल्या सगळ्या बघून आल्या. मीच राहिलेय."

"आणि हे हिंदी कॉमेडी. मला विचाराल तर हेच. आठवडाभर प्लँटवर डोकं पिकतं, जरा हसू दे मला."

"तुला हसायला नाटक कशाला हवं? घरात आरसा आहे की."

मी हसले. या दोघांची अशी लुटूपुटूची भांडणं ऐकत बसायला मला आवडतं. तिसरी जाहिरात साधी होती. काळ्या रंगावर एक पेटती दिवटी. दोह्यातल्या अल थुमामा भागात, एका शाळेच्या हॉलमध्ये, इथल्याच हौशी मराठी मंडळींचं, 'संगीत पहाटेपूर्वी'. अवधूत ती पुढे सरकवणार, तेवढ्यात नुपूर बोलली. नुपूर माझी नात, तिसरीत आहे. पोह्यांतली कोथिंबीर वेचून बशीच्या कडेला लावत, मान वर न करता म्हणाली, "आजोबा वॉन्ट दॅट वन."

चैत्रालीच्या हातातला चमचा बशीला लागून वाजला.

"नुपूर, काय ठरलं होतं आपलं?"

"मी नाही म्हणत, मम्मा. ते म्हणतात."

अवधूत फोनकडेच बघत राहिला. त्याने जाहिरात पुढे सरकवली नाही.

आमचे हे कीर्तनकार होते. नाशिक भागात नंदूबुवा म्हटलं की लोक अजून ओळखतात. मला त्यांच्या घरात येऊन पहिला आनंद लाभला तो कीर्तनाचा. स्वयंपाक उरकून मी सभामंडपाच्या कडेला खांबाला टेकून बसायची. पेटीचा सूर भरला, चिपळ्या वाजल्या, की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जायचा. कीर्तनाचे दोन भाग. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. मध्ये नामाचा गजर, बुवांच्या कपाळी बुक्का, गळ्यात हार. मग बुवा घोटभर पाणी पितात आणि गोष्ट सुरू होते. मी खरं सांगते, माझा सगळा जीव त्या गोष्टीत असायचा.

आम्हा दोघांना इकडे, दोह्याला यायचा व्हिसा आला होता. त्या दिवशी कीर्तनाला निघताना त्यांनी फोनवर नुपूरला सांगितलं, "एवढं कीर्तन संपलं की येतो." ती म्हणाली, "प्रॉमिस?" हे म्हणाले, "येतो म्हणजे येतो. मोठ्या शहरातलं मोठं नाटक दाखवशील ना मला?" ती म्हणाली, "या." चपला घालताना मला म्हणाले, "येतो गं." मीही म्हणाले, "या."

कीर्तनाचा पूर्वरंग झाला. बुक्का लागला, हार घातला. लोकांना म्हणाले, "घोटभर पाणी पिऊन येतो. कुणी उठू नका." सभामंडपामागच्या खोलीत गेले आणि तिथेच बसल्या जागी गेले. इकडे लोक बसलेले. पेटीवाला सूर धरून होता. कुणी उठलं नाही. बराच वेळ कुणीही उठलं नाही. मला अजून वाटतं, ती माणसं तिथेच बसून आहेत.

मी एकटीच आले. अल हिलालमधल्या या फ्लॅटला लहानशी बाल्कनी आहे, समोर खजुराची दोन झाडं आणि व्हिलांच्या पांढऱ्या भिंती. संध्याकाळी मशिदींतून अजान उठली की मीही हात जोडते. कुणीतरी देवाला हाक मारतंय, एवढं मला पुरे असतं.

पहिल्यांदा नुपूरने दार उघडं टाकलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. "आजोबा लिफ्टमध्ये आहेत," म्हणाली. मग रोजच उघडं टाकायला लागली. मग जेवताना एक खुर्ची ओढून ठेवायला लागली. चैत्रालीने शाळेतल्या समुपदेशक बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलं असं करतात, हळूहळू विसरेल. चैत्रालीला धीर आला. मला नाही आला, कारण नुपूरच्या उशीला बुक्क्याचा वास येत होता. कोळशाचा नि अबिराचा तो थंड, काळा वास. या घरात बुक्का नव्हता. मी त्यांच्या चिपळ्या तेवढ्या आणल्या होत्या, त्याही कपाटात, शालीत गुंडाळून. दुपारी सगळे बाहेर असले की कपाटातून 'टक' असा एकच आवाज यायचा. दोन चिपळ्या एकदाच मिटल्यासारखा. मी कपाट उघडलं नाही.

मला भीती वाटत नव्हती, हे खोटं कशाला सांगू? वाटत होती. पण नवरा होता माझा. येणारा कुणी दुसरा असता तर मी दाराला लिंबू बांधलं असतं. यांना काय बांधणार?

त्या शुक्रवारी पोहे झाल्यावर मी नुपूरच्या वेण्या घालत होते. आरशात माझ्याकडे बघत ती म्हणाली, "आजी, नाटक झालं की मी आजोबांबरोबर जाणार आहे."

माझे हात वेणीतच थांबले. "कुठे गं?"

"दे डोंट नो. त्यांना वाट माहीत नाहीये. एकट्याला सापडत नाही म्हणाले. म्हणून मी." आणि मग आपलं शहाणपण दाखवत, "मी मॅप्स उघडते ना पप्पांना, तशी."

मी तिच्या केसांवर हात ठेवला. डोकं गार होतं. एसी चालू होता, पण तो गारवा एसीचा नव्हता. पाण्याच्या मातीच्या माठाला हात लावावा तसा होता.

दुपारी शेजारची जैतून आली. ही मूळची रत्नागिरीची, नवरा मुनाफ इथल्या सगळ्या हिंदुस्थानी कार्यक्रमांची लाइट करतो. हातात घावण्यांचा डबा, तोंडात बातम्या.

"काकी, त्या थुमामाच्या नाटकात मुनाफच हाय लाइटला. रोज तालमीला जातो. घरी येऊन गाणीच म्हणतो, मी म्हटलं बाबा तू बत्तीवाला हाय, बत्तीच लाव!"

"गोष्ट काय गं नाटकाची?"

"दिवट्या असतो एक. देवळाची दिवटी धरणारा. लेकीला देवळात ठेवून तेल आणायला जातो."

मी घावण्याचा तुकडा ताटलीत परत ठेवला. हे तर दिवट्याचं आख्यान. आमच्या भागातले कीर्तनकार सांगायचे. त्या रात्रीच्या उत्तररंगात ह्यांनी तेच लावलं होतं.

आख्यान असं. दिवट्या लेकीला म्हणतो, 'तेल घेऊन येतो', आणि रानात जातो. वाटेत त्याला सर्प डसतो. इकडे दिवटी विझू नये, पोर रडू नये म्हणून देव स्वतःच दिवट्याचं रूप घेऊन उभा राहतो. दिवस जातात. आणि एका पहाटेपूर्वी खरा दिवट्या दारात येतो. मेलेला, पण तेलाची बुधली हातात. कारण 'येतो' म्हणून गेला होता ना! पोर एकीकडे बापाला बघते, एकीकडे बापालाच बघते. बाप हात पुढे करतो. ती तो हात धरणार, तेव्हा देव म्हणतो, 'शब्द पाळलास. आता जा.' आणि दिवट्या सुटतो. हे इथे थांबायचे. चिपळ्या छातीशी धरून म्हणायचे, "मायबाप हो, त्याला 'ये' म्हणणारे सगळे होते. 'जा' म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून देवाला यावं लागलं." सभामंडपात बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

तेव्हा मला सगळं उमगलं. ह्यांचं कीर्तन अर्धं राहिलं, आणि 'कीर्तन संपलं की येतो' हा शब्दही अर्धा राहिला. धड इकडे नाहीत, धड तिकडे नाहीत. हे आख्यान कुणाच्याही तोंडून पुरं झालं, त्या शेवटच्या शब्दापर्यंत गेलं, की तेही सुटतील. आणि पोर माझी राहील.

संध्याकाळी मी अवधूतला म्हणाले, "मला तिसरंच नाटक बघायचंय."

"आई, शाळेच्या हॉलमधलं? ते राणीचं खरंच..."

"तुझ्या बाबांचं आख्यान आहे ते."

चैत्राली म्हणाली, "ठीक आहे, आईंच्या मनासारखं होऊ दे. राणी कुठे पळून जातेय." आणि नुपूरला म्हणाली, "काढ गं तिकिटं, तुला येतं ना?"

नुपूरने तिकिटं काढली. पाच आली.

"पाच कसली?" अवधूतने विचारलं. मग त्याचं त्यालाच कळलं. त्याने ते तिकीट रद्द केलं नाही. मला वाटतं, त्यालाही ते करवलं नसतं.

प्रयोग पुढच्या शुक्रवारी दुपारचा होता. हॉलमध्ये गजरे माळलेल्या बायका, बटाटेवड्यांचा वास, एकमेकांना हाका. "काय भैरवी, भारतातून कधी आलीस?" "अहो, तुम्ही पुढे बसा हो, तुमची मान उंच!" मला घरी आल्यासारखं वाटलं. खुर्च्या आपोआप मिटणाऱ्या होत्या. बसलं की खाली, उठलं की झटक्यात वर. आमच्या रांगेत आधी अवधूत, मग चैत्राली, मग मी, मग नुपूर. नुपूरपलीकडची खुर्ची रिकामी आणि मिटलेली. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, मी सहज तिकडे पाहिलं. खुर्ची उघडलेली होती.

मी डोळे मिटून नाम घेतलं. परत पाहिलं. उघडीच होती. गादी मध्यभागी थोडी दबलेली.

नुपूर त्या खुर्चीकडे झुकून हळू आवाजात सांगत होती, "तो दिवट्या आहे. त्याच्या हातात आहे ना, ती इलेक्ट्रिक आहे. खरी आग अलाउड नाहीये."

नाटक चांगलं होतं. गाणारी मुलं गोड गळ्याची होती, पेटीवाला तयारीचा. दिवट्या रानात गेला, देव दिवटी धरून उभा राहिला आणि मध्यंतर झालं. त्याच जागी. पूर्वरंग संपतो तिथे.

दिवे लागले तेव्हा नुपूरच्या कपाळावर भुवयांच्या मधोमध काळं बोट उठलं होतं. बुक्का. चैत्रालीने पाहिलं. "हे काय लावून घेतलंस?" म्हणत रुमाल ओला करून पुसायला लागली. पुसलं जाईना. "मार्करचं असेल," ती म्हणाली, पण तिचा आवाज मार्करचा नव्हता.

मी चहाच्या टेबलापाशी जैतूनला गाठलं. घेतलेला चहा बशीत सांडला.

"काकी, काय झाला? बसा बगू."

"काही नाही गं. शेवट ऐकायचाय. तो 'जा' कसा म्हणतो ते ऐकायचंय."

"अवो तो बदलला ना शेवट!" जैतून सहज म्हणाली. "तो जो मिहीर देव झाला हाय ना, त्याची आई गावाला लई आजारी. बोलला, मी सर्वांदेखत कुणाला 'जा' बोलणार नाय, घरी फोन वाजायचा. मग दुसरेबी बोलले, खरा हाय, अपशकुन कशाला. आमच्यातबी उंबऱ्यावर 'जातो' बोलला तर आई परत बसवायची, पाणी पाजायची, 'येतो' बोल मग जा. मग त्यांनी 'जा'च्या जागी 'ये' घातला. देव बोलतो 'ये', आणि पोरगी बापाचा हात धरून उजेडात जाते. काय रडतात लोक तालमीला! मी तर..."

मी पुढचं ऐकलं नाही.

अवधूत दाराशी कुणा ओळखीच्याशी बोलत होता. मी त्याचा दंड धरला. "घरी चल. नुपूरला घे आणि घरी चल."

"आई, हट्ट करून तूच आणलंस ना? अर्ध्यात सोडायचं?"

अर्ध्यात. मी त्याचा दंड सोडला. अर्ध्यात सोडलं म्हणूनच तर सगळं घडत होतं. घंटा वाजली. नुपूर आधीच जागेवर जाऊन बसली होती, पलीकडची खुर्ची उघडी होती, आणि दिवे गेले.

उत्तररंगात मी रंगमंचाकडे फार पाहिलं नाही. नुपूरचा हात धरून बसले. तो हात माझ्या हातात होता, पण दुसरा पलीकडच्या खुर्चीच्या हातावर होता, आणि बोटं अशी वाकलेली, जशी आपण मोठ्या माणसाच्या तळव्यात घालतो. धूप जाळला नव्हता, तरी बुक्क्याचा वास दाटून आला. पेटीवाल्याने सूर भरून धरला. तोच सूर. काळी चार. ह्यांचा.

रंगमंचावर पहाटेपूर्वीचा निळा अंधार झाला. दारात खरा दिवट्या आला, हातात बुधली. पोर दोघांकडे बघते. बापाने हात पुढे केला. मिहीरने दिवटी उंच धरली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ये."

ती मुलगी चालायला लागली. हॉलमध्ये हुंदके.

नुपूर उठली. तिने माझ्या हातातून हात सोडवला, तोही किती सहज, जसं झोपेत कूस बदलावी. दुसरा हात उंच उचललेला, पलीकडच्या उभ्या माणसाच्या हाताइतका उंच. ती रांगेच्या टोकाकडे एक पाऊल सरकली.

मी उभी राहिले. चार भिंतींत वाढलेली बाई मी, आयुष्यभर खांबाला टेकून ऐकलं, कधी भर सभेत बोलले नाही. ह्यांचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. आणि जन्मभर त्यांना दारात एकच शब्द म्हटला होता, 'या'. तो माझ्या जिभेला चिकटून बसला होता. तो गिळायला किती जड गेलं, ते माझ्या विठोबालाच ठाऊक.

"अहो," मी मोठ्याने म्हणाले, "शब्द पाळलात. आता जा."

पेटी थांबली. लोक माना वळवून बघायला लागले. चैत्राली "आई, आई" म्हणत माझा पदर ओढत होती. रंगमंचावर मिहीर दिवटी धरून तसाच उभा होता आणि तो लोकांकडे पाहत नव्हता. तो आमच्या रांगेच्या टोकाकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू आलं, "जा."

नुपूरचा उंचावलेला हात एकदम खाली पडला.

पलीकडची खुर्ची मिटली. झटक्यात नाही. सावकाश, आवाज न करता, जसं गुडघ्यांवर हात ठेवून दमलेलं माणूस उठतं.

गाडी परतीला लागली. बराच वेळ नुसते सिग्नल येत गेले. नुपूर माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती, आणि डोकं गरम होतं, घामेजलेलं, खेळून आलेल्या मुलाचं असतं तसं. कपाळ स्वच्छ होतं. मी ते पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होते.

"आजी," ती म्हणाली, "आजोबा 'जातो' म्हणाले. मम्मा म्हणते, तसं म्हणायचं नसतं."

पुढे चैत्रालीने डोळ्यांवर हात घेतला. अवधूतने आरशातून मागे पाहिलं. त्याच्या बापाला त्याने शेवटचं पाहिलं नव्हतं, विमान मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याने विचारलं, "अजून काही म्हणाले?"

"नो. जस्ट दॅट. आणि हसले."

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. रडू येत होतं, पण ते वाईट नव्हतं. आख्यान नीट पुरं झालं की सभामंडपात येतं तसलं होतं.

इमारतीपाशी अवधूतने आम्हाला दारात सोडलं. आम्ही तिघी लिफ्टने वर आलो. चैत्रालीने कुलूप काढलं, पण कुणी आत गेलं नाही. खाली सोडताना तो नेहमीसारखा म्हणाला होता, "गाडी लावून येतो," आणि चैत्रालीही नेहमीसारखी म्हणाली होती, "ये." आता ती दाराची कडी हातात धरून उभी होती. नुपूरने माझं बोट धरलं. लिफ्ट खालीच होती. मग तिचा आकडा पेटला, आणि एकेक मजला वर यायला लागला. आम्ही त्या आकड्यांकडे बघत होतो, आणि मनात मी नाम घेत होते.

लिफ्ट थांबली. दार सरकलं.

अवधूतच होता, हातात किल्ली. आम्हाला तिघींना अशा उभ्या बघून गोंधळला. "काय झालं? आत का नाही गेलात?"

नुपूरने त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. मग एखाद्या मोठ्या बाईसारखी म्हणाली, "आलास? ये मग."